मोठेपणी मासे खायला शिकताना

कोणी ‘मला मासे आवडत नाहीत’ म्हणालं की पुढचा प्रश्न विचारायला हवा: नेमकं काय आवडत नाही? वास, काटे, की तोंडातला लिबलिबीतपणा? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. वासाने मळमळणाऱ्याला कौतुकाने बांगडा वाढला जातो, काट्यांना घाबरणाऱ्यासमोर काट्यांनी भरलेली करली येते, आणि ‘याला मासे चालत नाहीत’ हा शिक्का कायमचा बसतो.

सगळ्यात मोठी तक्रार वासाची. ताज्या समुद्री माशाला समुद्राच्या पाण्यासारखा हलका वास असतो. नाक मुरडायला लावणारा वास नंतर तयार होतो. मासा मेल्यावर त्याच्या मांसातल्या एका घटकापासून जिवाणू ट्रायमिथिलअमाइन बनवतात, तोच हा उग्र दर्प. आंबट पदार्थाशी त्याचा संयोग झाला की तो हवेत उडत नाही, म्हणून वास कमी येतो. कोकम, चिंच, लिंबू यांचं माशांच्या स्वयंपाकातलं खरं काम हे आहे. पण आंबटाने शिळा मासा ताजा होत नाही. त्यामुळे वासाची लढाई निम्मी बाजारातच जिंकावी लागते.

माशाचा कल्ला उघडून बघा. तो लालभडक हवा. तपकिरी किंवा राखाडी असेल तर पुढे चला. डोळे स्वच्छ आणि फुगीर हवेत, आत गेलेले नकोत. बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला तर मासा जुना. कोळंबीचं डोकं अंगाला घट्ट हवं, काळं पडलेलं नको. पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्यांनी बर्फातल्या मासळीला नाकं मुरडू नयेत. पकडल्यापासून नीट बर्फात असलेला मासा उन्हात पाटीत पडून राहिलेल्यापेक्षा कितीतरी चांगला. सुरुवात मात्र जून-जुलैत करू नका. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, बाजारात गोठवलेला माल जास्त येतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पहिला मासा सुरमई असावा, असं माझं ठाम मत आहे. मधला एक काटा, घट्ट मांस, बेताचा वास. पापलेटही चालेल, पण त्याचं मांस मऊ असतं आणि नवशिक्याच्या तव्यावर ते फुटतं. अर्धा किलो सुरमईच्या दीड सेंटिमीटर जाडीच्या तुकड्या करून घ्या. मधल्या काट्यालगत गडद रक्ताची रेघ असते, ती नखाने किंवा सुरीच्या टोकाने काढून थंड पाण्यात धुवा. घरी केलेल्या माशाला वास का येतो, याचं उत्तर बऱ्याचदा या रेघेत आणि पोटातल्या काळ्या पापुद्र्यात असतं.

आता तुकड्यांना अर्धा चमचा हळद आणि एक चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी टाकून द्या. ही पायरी गाळली की मासा कुरकुरीत होत नाही. मग एक चमचा कोकमाचं आगळ (मीठ घातलेला घट्ट रस), एक मोठा चमचा आलं-लसूण वाटण आणि दोन चमचे मालवणी मसाला लावून वीस मिनिटं मुरवा. आगळात मीठ असतं, वरून घालू नका. तासभर आंबटात ठेवलं तर वरचं मांस पांढरं पडून भुसभुशीत होतं. दोन भाग तांदळाचं पीठ आणि एक भाग बारीक रवा एकत्र करा, पण तुकडी त्यात घोळायची ती तव्यावर टाकायच्या क्षणी, नाहीतर लेप ओला होऊन गळून पडतो.

तवा आधी चांगला तापू द्या, मग तेल, मग मध्यम आच. तुकडी ठेवल्यावर चार मिनिटं हात लावायचा नाही. ती चिकटली आहे असं वाटतं, कारण खालचं कवच अजून बनलेलं नसतं. बनलं की आपोआप सुटते. एकदाच उलटा, आणखी तीन मिनिटं. काट्याजवळचं मांस पारदर्शक न दिसता सहज सुटलं की उतरवा. जास्त ठेवलं तर सुरमई कोरडी, दोऱ्यादोऱ्यांची होते, आणि नवख्याला वाटतं मासा असाच असतो. सोबत गरम भात, आमटी, सोलकढी. पहिल्याच दिवशी रस्सा नको. त्यात मासळीची चव सगळीकडे पसरते आणि माघार घ्यायला जागा उरत नाही.

काट्यांची भीती असेल तर कोळंबी भात करा. पाठीचा काळा दोरा काढायचा आणि कोळंबी शेवटी घालायची. इंग्रजी सी अक्षरासारखी वळली की झाली. पूर्ण गोल वळेपर्यंत शिजवली तर रबर. माकूल (स्क्विड) तर मोठ्या आचेवर दोन मिनिटं नाहीतर मंद आचेवर पाऊण तास. मधल्या वेळेत काढलेलं चावता चावत नाही. ओल्या बोंबलाचा लिबलिबीतपणा त्यातल्या पाण्याचा असतो. चिरून उघडा, मीठ लावा, पाटावर ठेवून वर वजन ठेवा, अर्ध्या तासाने तळा.

मासे खाल्ल्यावर त्रास होतो म्हणणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावू नये. ओठ सुजणं, घशाला खाज, श्वास अडकणं ही ॲलर्जीची लक्षणं आहेत. तिथे सवयीचा प्रश्नच नाही, डॉक्टर गाठायचे. पण बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) यांसारखे मासे उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामिन साठतं आणि शिजवूनही जात नाही. तोंड लाल होतं, डोकं दुखतं, धडधडतं. तो दोष त्या दिवशीच्या माशाचा असू शकतो. नेमकं काय झालं होतं हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या आणि मगच पुन्हा मासे खा.

सुरमई, कोळंबी रुळली की बांगड्याकडे वळा. त्याचं तेलकट, गडद मांस लवकर खवट होतं, म्हणून तो आणला त्याच दिवशी शिजवायचा. कोकणात आणि गोव्यात त्याच्या जोडीला तिरफळं, म्हणजे जीभ झणझणवणारी मसाल्याची छोटी फळं असतात. आठ-दहा सुकी तिरफळं घ्या, काळी बी फेकून द्या, सालं जरा ठेचून तिखट-आंबट वाटणात उकळी फुटताना टाका, मग बांगड्याचे तुकडे सोडा. सात-आठ मिनिटं पुरे. डावाने ढवळू नका, भांडं धरून हलवा, नाहीतर मासा मोडतो. तिरफळाची झणझण बांगड्याचा तेलकटपणा कापते. जेवताना तिरफळं ताटात बाजूला काढायची, चावायची नाहीत.