वेलचीचा देश, मक्याची माणसं

आमच्या वाशीच्या मसाला मार्केटात मध्य अमेरिकेतला ग्वाटेमाला हा देश नाही, माल आहे. ‘ग्वाटेमाला काय भाव?’ असं कुणी विचारलं की ते वेलचीबद्दल असतं. मी एका दलालाच्या पेढीवर हिशेब बघते, त्यामुळे हे नाव कायम कानावर. वेलची मूळची आपल्या दक्षिणेकडच्या डोंगरांतली. ग्वाटेमालात आल्ता वेरापास भागात ती १९१४च्या सुमारास एका जर्मन कॉफीमळेवाल्याने लावली. आज वेलचीच्या निर्यातीत तो देश सगळ्यांच्या पुढे आहे. पिकवणारे बरेचसे केक्ची माया, म्हणजे तिथले मूळनिवासी, शेतकरी, आणि माल जातो तो मुख्यतः आखाती देशांत, कॉफीत घालायला. पिकवणारे स्वतः वेलची फारशी खातच नाहीत! मग खातात काय, बोलतात काय, रडतात-हसतात कशावर, असं माझं कुतूहल वाढत गेलं.

पुस्तकाआधी सिनेमा हाताशी लागला. हायरो बुस्तामान्ते या तिथल्या दिग्दर्शकाचा ‘इश्कानुल’, २०१५चा. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. ज्वालामुखीच्या उतारावर कॉफीचा मळा, तिथे मजुरी करणारं कुटुंब, मुलीचं लग्न मुकादमाशी ठरलेलं. सुरुवातीलाच मायलेकी डुकराला रम पाजतात, का ते बघाच. मुलीचं काम करणाऱ्या मारिया मेर्सेदेस कोरोयचा हा पहिलाच सिनेमा, पण कॅमेऱ्याकडे तिचं लक्षच नाही जणू. माणसं कक्चिकेल बोलतात. ग्वाटेमालात अशा बावीस माया भाषा आहेत. मी आपली पिरॅमिड, पंचांग आणि ‘लुप्त संस्कृती’ डोक्यात घेऊन बसले होते, आणि इथे ती लुप्त माणसं मक्याच्या शेतातल्या सापांचं काय करायचं यावर वाद घालत होती.

सिनेमाचा उत्तरार्ध इस्पितळात घडतो. आईबापाला स्पॅनिश येत नाही, डॉक्टरांना कक्चिकेल येत नाही. मध्ये दुभाषा कोण, तर तोच मुकादम. तो सोयीचं तेवढं सांगतो, नको ते गिळतो. कागदावर काय लिहिलंय हे ज्याचा अंगठा आहे त्यालाच ठाऊक नाही. पुढचं सांगत नाही. मला मात्र त्यानंतर त्या देशाबद्दल जे जे वाचलं त्यात तो मुकादम दिसत राहिला: मायांच्या वतीने बोलणारा कुणीतरी तिसराच.

‘पोपोल वूह’चंच घ्या. कीचे मायांची ही उत्पत्तिकथा आपल्यापर्यंत आली ती एका स्पॅनिश धर्मगुरूच्या हस्ताक्षरात. फ्रान्सिस्को हिमेनेसने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चिचिकास्तेनांगोत तिची नक्कल केली, एका बाजूला कीचे, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. ती वही आता शिकागोच्या ग्रंथालयात आहे. पण कथा काय भन्नाट आहे! देवांनी आधी मातीची माणसं केली, ती विरघळली. मग लाकडाची केली. त्यांना ना हृदय ना आठवण. तेव्हा त्यांची भांडीकुंडी, तवे, पाटेच त्यांच्यावर उलटले. रोज आम्हाला घासलंत, आता आमची पाळी, असं म्हणत पाटा-वरवंटा मालकावर चाल करून जातो. आमच्या आजीच्या पाट्याला तोंड फुटलं असतं तर तोही असंच काहीतरी बोलला असता. शेवटी मका दळून माणूस घडवला, तो टिकला. एवढंच की त्याला सगळं विश्व दिसायला लागलं, म्हणून देवांनी त्याची नजर जरा धूसर केली.

आता आस्तुरियास. मिगेल आंखेल आस्तुरियास, ग्वाटेमालाचा कादंबरीकार, साहित्याचा १९६७चा नोबेल. त्याची हुकूमशहावरची कादंबरी, ‘एल सेन्योर प्रेसिदेन्ते’, लिहून बरीच वर्षं झाल्यावर १९४६मध्ये छापली गेली. भीती गावभर कशी झिरपते ते तिच्यात असं आहे की वाचताना आपणही हळू बोलायला लागतो. पण याच माणसाने तरुणपणी, १९२३मध्ये, विद्यापीठाच्या प्रबंधात मूळनिवासींचा ‘प्रश्न’ युरोपी रक्त मिसळून सोडवावा असं सुचवलं होतं! पुढे पॅरिसला जाऊन तो माया संस्कृती शिकला आणि ‘पोपोल वूह’ स्पॅनिशमध्ये आणायला बसला, तेही त्याच्या प्राध्यापकाच्या फ्रेंच अनुवादावरून. माणूस बदलला हे खरं. तरी मला त्याच्या पानांवर तो मुकादम अधूनमधून खाकरताना ऐकू येतोच.

सणवार थोडक्यात, कारण ते सगळे व्हिडिओत बघता येतात. १ नोव्हेंबरला सुम्पांगोत मृतांच्या आठवणीत कागद-बांबूचे अवाढव्य पतंग उभे करतात. सगळ्यांत मोठे उडत नाहीत, नुसते उभे राहतात. त्याच दिवशी फियाम्ब्रे नावाचं थंड सॅलड, त्यात डझनावारी जिन्नस. आतित्लान तळ्याकाठी माशिमोन नावाचा लाकडी देव आहे, त्याला सिगार आणि दारू चढवतात. आपल्याकडे म्हसोबाला काही ठिकाणी दारू चालते, त्यामुळे मला त्याचं फार आश्चर्य वाटलं नाही.

बुस्तामान्तेचा २०१९चा ‘ला योरोना’ मात्र सावकाश बघा. १९६० ते १९९६च्या यादवीत दोन लाखांवर माणसं मेली किंवा नाहीशी झाली, त्यांत बहुसंख्य माया. लष्करशहा रिओस मोन्तला इशील मायांचा वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांसाठी मे २०१३मध्ये ऐंशी वर्षांची शिक्षा झाली, आणि दहा दिवसांत घटनात्मक न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तो २०१८मध्ये वारला. सिनेमातला जनरल वेगळ्या नावाचा, पण खटला ओळखीचा. ला योरोना, म्हणजे लोककथेत मुलांना बुडवून रडत फिरणारी बाई, इथे त्या जनरलच्या घरात मोलकरीण म्हणून येते. कोर्टात चेहरा झाकलेली एक म्हातारी साक्ष देते, तिच्या भाषेत, आणि या वेळी दुभाषा तिचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा न्यायाधीशांपुढे ठेवतो.

कुणाला सुरुवात करायची असेल तर आधी ‘इश्कानुल’, मग हा. आस्तुरियास नंतर, आणि पेन्सिल जवळ ठेवून.