तुम्ही विचारलंत म्हणून: फीबीचं पत्र

"गुलामांच्या मालकांची पत्रं इतकी वर्षं काय वाचता?" परवा एका मित्राने हेच जास्त टोकदार करून विचारलं. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. आणि तुमच्या उशाशी मात्र पलीकडच्या बाजूची पत्रं! मनाला लागलं. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

जॉर्जियातल्या लिबर्टी काउंटीचं जोन्स कुटुंब. रेव्हरंड चार्ल्स कोलकॉक जोन्स यांचे तीन मळे, शंभरावर गुलाम; आणि त्याच गुलामांना धर्म शिकवण्यात त्यांनी आयुष्य घातलं. थोरला मुलगा सव्हानाचा महापौर, पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या तोफखान्यावर. या घरातली माया खरी होती, असं मी आजही म्हणेन. १८६४ च्या डिसेंबरात उत्तरेचा सेनापती शर्मन याचे सैनिक घर धुंडाळत होते आणि आई मेरी दिवस भरत आलेल्या लेकीला सांभाळत होती. तिच्या त्या नोंदी वाचताना माझे डोळे भरतात. ते कशाला लपवू?

पण फीबी आहे ना. १८५६ मध्ये फीबी आणि कॅशस या जोन्सांच्या गुलाम जोडप्याची मुलगी जेन मळ्यावरून पळाली आणि सव्हानात सापडली. बापलेकांनी सगळं कुटुंबच विकायचं ठरवलं. मात्र एकत्र विकायचं, चांगला मालक बघून. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वहीत लिहिलं, ‘त्या काळाच्या मानाने माणुसकी’, आणि खाली रेघ मारली. त्यांची लग्न झालेली मुलगी क्लॅरिसा मागेच राहिली होती. तिला मी मोजलंच नाही.

विकत घेणाऱ्याने त्यांना स्वतःकडे ठेवलं नाही. १७ मार्च १८५७ चं त्यांचं पत्र आहे न्यू ऑर्लिन्सचं. क्लॅरिसाला निरोप: तुझी बहीण जेन फेब्रुवारीच्या १ तारखेला गेली. काही डॉक्टर म्हणाले प्लुरसी, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाची सूज, काहींना क्षय वाटला. पोरांना गोवर आला होता, आता बरी आहेत. मग नावंच नावं, ज्याला त्याला जिव्हाळा कळवलेला. मध्येच एक वाक्य, आपल्याला विकलं ते का, याचं. त्याचं मराठी करताना मी ‘रागाने’ लिहिलं, खोडलं. ‘सूडाने’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी ‘डूख धरून’. रेव्हरंडांसारख्या माणसाबद्दल हा शब्द लिहायला माझा हात का अडखळला, ते मला आवडलं नाही.

पत्राच्या शेवटी: घर मिळेपर्यंत आता सांगण्यासारखं काही नाही.

हे पत्र जोन्सांच्याच कागदपत्रांत टिकलं. मालकांची पत्रं मिटली तर फीबीही मिटेल, असं मी मित्राला म्हणालो. हे खरं कारण की सबब, मला सांगता येत नाही. मेरीही शेवटी घर सोडून लेकीकडे न्यू ऑर्लिन्सला गेली, १८६९ मध्ये तिथेच वारली. दोघींची दुःखं एका तराजूत घालू नयेत, कळतं. तरी मेरीचं पत्र उघडलं की गळा दाटतोच.

फीबीच्या पत्राला ताजा कलम आहे. जूडीच्या नवऱ्याला, प्लास्काला, आमचा जिव्हाळा सांगा. म्हणजे तोही मागेच राहिला होता. हे माझ्या लक्षात आलं ते गेल्या महिन्यात.