बाड हिंडेलांगचा फीशाइड : आल्प्सवरून गुरं घरी येतात तो दिवस

सप्टेंबरात म्युनिकला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऑक्टोबरफेस्टच बघायचं असतं. आई-बाबा आले तेव्हा मी त्यांना आधी आल्गॉय या बायर्नच्या डोंगराळ भागातल्या बाड हिंडेलांगला फीशाइड, म्हणजे डोंगरावरून उतरलेली गुरं मालकांकडे परत देण्याचा सोहळा, बघायला नेलं. बाबांचं बालपण गोठ्याशेजारी गेलेलं, त्यामुळे तंबूतल्या बिअरपेक्षा त्यांना हेच आवडणार याची खात्री होती.

जूनमध्ये आल्गॉयचे शेतकरी आपल्या कालवडी डोंगरावरच्या कुरणांवर गुराख्यांच्या हवाली करतात. खालच्या शिवारातलं गवत मग हिवाळ्यासाठी कापून ठेवता येतं. साधारण शंभर दिवसांनी कळप उतरतात आणि गावाच्या मैदानात ज्याची गुरं त्याच्या ताब्यात जातात. हिंडेलांगचा हा दिवस परंपरेने ११ सप्टेंबर. शेजारच्या ओबर्स्टडॉर्फचा त्यानंतर एक-दोन दिवसांत. तरी खोली ठरवण्याआधी त्या वर्षीची तारीख गावाच्या संकेतस्थळावर बघाच.

खोली मात्र हवीच. कळप सकाळीच यायला लागतात आणि बायर्न राज्यात चालणारं स्वस्तातलं एका दिवसाचं तिकीट, बायर्न-टिकिट, सोमवार ते शुक्रवार नऊच्या आधी चालत नाही. जर्मनीत राहणाऱ्यांकडे डॉइचलांड-टिकिट, म्हणजे देशभर लोकल गाड्यांना चालणारा मासिक पास, असेल तर वेळेचं बंधन नाही, पण म्युनिकहून केंप्टन, झोंटहोफन आणि पुढे बस, एवढं करून सकाळी पोचायचं म्हणजे अंधारातच निघायला लागतं. हिंडेलांगच्या खोल्या फार आधी भरतात. आम्ही झोंटहोफनला राहिलो. स्टेशनही तिथेच आहे, ते सोयीचं पडलं. काही गाड्यांचे इमेनश्टाटला दोन भाग होतात, एक लिंडाउकडे जातो, दुसरा ओबर्स्टडॉर्फकडे. डब्यावरची पाटी वाचूनच बसा.

उभं राहायला मैदानापेक्षा गावातला अरुंद रस्ता बरा. आधी आवाज येतो, गुरं बऱ्याच वेळाने दिसतात. मिरवणुकीसाठी गळ्यात बांधलेल्या या घंटा चांगल्या घमेल्याएवढ्या असतात, लोखंडी पत्रा ठोकून घडवलेल्या, रुंद नक्षीदार चामडी पट्ट्यावर. चरताना धुक्यात जनावर सापडावं म्हणून असतात त्या वेगळ्या, लहान. शंभरेक गुरांचा कळप दोन भिंतींमधून जाताना शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तान्हं मूल सोबत असेल तर त्याचे कान झाकायची सोय करा.

कळपाच्या पुढे असते मुकुटवाली गाय. देवदाराच्या डहाळ्या, डोंगरातली फुलं, क्रूस आणि दुष्ट शक्तींना परतवणारा आरसा, असा तो डोक्यावरचा डोलारा. पण तो प्रत्येक कळपाला मिळत नाही. उन्हाळ्यात वर एखादं जनावर दगावलं किंवा माणसावर वाईट प्रसंग आला, तर त्या कुरणाची गाय मुकुटाविना उतरते. आम्ही पाहिलेला एक कळप तसाच आला. आईला वाटलं, सजवायचं राहूनच गेलं असेल. कारण सांगितल्यावर ती पुढचा प्रत्येक कळप येताना आधी मुकुट शोधत होती. बाबांना अर्थातच पोळा आठवला, फक्त इथे मान कष्टाच्या बैलाचा नाही, अजून दूधही न देणाऱ्या कालवडींचा.

पहिला कळप गेला की अर्धी गर्दी बिअरच्या तंबूकडे वळते. तसं करू नका. दोन कळपांमध्ये बराच वेळ जातो, पण खरी मजा नंतर मैदानात आहे. शेतकरी कानातले बिल्ले बघत आपलं जनावर ओळखतात, ते हिसका देऊन पळतं, दोघं-तिघं त्याच्या मागे धावतात. कुठलाही कार्यक्रम नाही, कामच चाललेलं असतं. म्हणून फोटोसाठी मध्ये घुसू नका, गुरांना हात लावू नका आणि कळप समोर असताना छत्री उघडू नका. पावसाची शक्यता असली तर रेनकोटच घ्या. बूट जुने घाला. रस्ताभर शेण असतं.

कपड्यांबद्दल खूप जण विचारतात. गुराख्यांच्या लेडरहोझन, म्हणजे चामड्याच्या पारंपरिक विजारी, वर्षानुवर्षं वापरून काळवंडलेल्या असतात. हरणाच्या कातड्याची चांगली जोडी कित्येकशे युरोंना पडते आणि आयुष्यभर टिकते. त्या पार्श्वभूमीवर स्टेशनजवळ मिळणारी चकचकीत नकली जोडी केविलवाणी दिसते. तुम्ही साध्या कपड्यांत गेलात तर कुणी वळूनही पाहत नाही. आणि हे सगळं अनादि काळापासून जसंच्या तसं चालत आलंय असंही नाही. पारंपरिक पोशाख मागे पडतोय म्हणून तो जपणारी पहिली मंडळी १८८३ मध्ये बायरिशझेलला एका शिक्षकाच्या पुढाकाराने जमली. डिर्न्डल, म्हणजे बायकांचा एप्रनवाला पारंपरिक झगा, घालायचाच असेल तर एप्रनची गाठ लक्षात ठेवा: हल्लीच्या संकेताप्रमाणे स्वतःच्या डावीकडे अविवाहित, उजवीकडे विवाहित.

शाकाहारींनी काळजी करू नये. कासश्पात्झन मिळतात, म्हणजे पिठाच्या मऊ गोळ्या, भरपूर आल्गॉयचं चीज आणि वर तळलेला कांदा. एक ताट आई-बाबांना दोघांत पुरलं. रोख पैसे जवळ ठेवा, सगळ्या ठेल्यांवर कार्ड चालेलच असं नाही.

सप्टेंबर हुकला तर बेर्ख्टेसगाडेनजवळच्या क्योनिगझे तलावाकडे बघा. तिथे गुरं ऑक्टोबराच्या सुमारास उतरतात, तीही होडीतून, कारण काठाने रस्ताच नाही. तिथली तारीख मात्र हवामानावर ठरते, त्यामुळे परत न करता येणारं तिकीट आधी काढून ठेवू नका.