जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत जपायचे नेमके काय?

ठाण्याच्या वारशाचा विषय निघाला की बोलणे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आलेल्या पहिल्या रेल्वेपासून सुरू होते आणि मासुंदा तलाव, कौपिनेश्वर मंदिर, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला व आता कारागृह असलेला किल्ला, टेंभी नाक्यावरचे १८७९ चे सिनेगॉग असे फिरून संपते. या सगळ्यांच्या मधोमध असलेली जांभळी नाक्याची बाजारपेठ मात्र त्या यादीत क्वचितच येते. तिचा उल्लेख झालाच तर वाहतूक कोंडीच्या तक्रारीत होतो.

रेल्वेपूर्वीचे ठाणे खाडीकडे तोंड करून व्यापार करीत होते. चेंदणी आणि महागिरी हे कोळीवाडे त्याच किनाऱ्याची आठवण देतात. पुढे स्टेशनाने गिऱ्हाईक आपल्याकडे खेचले, तरी बाजार कौपिनेश्वराच्या देवळाला चिकटूनच राहिला. १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधलेल्या या शिवालयाच्या आसपास फुले, पूजेचे साहित्य आणि तांब्या-पितळेची भांडी मिळावीत, यात नवल नाही. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी इथे झेंडूचे ढीग लागतात, तेव्हा हा संबंध डोळ्यांना दिसतो आणि पायांना जाणवतोही.

जुन्या दुकानांची बांधणी एकदा नीट पाहावी. रस्त्याला जेमतेम दहा-बारा फुटांचे तोंड आणि आत मात्र खोलच खोल. पुढे विक्री, मागे कोठार, कडेच्या अरुंद लाकडी जिन्याने वर माडीवर घर. तोंड अरुंद असल्यामुळेच पन्नास पावलांत मसाले, गूळ, भुसार, सुपे-टोपल्या, भांडी असे आठ-दहा धंदे शेजारी शेजारी बसतात. शटर येण्यापूर्वीची दारे आता फारच थोडी उरली आहेत: उभ्या सागवानी फळ्या खाचेत एकेक करून सरकवायच्या आणि क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फळीवर आकडा कोरलेला. सकाळी उतरवलेल्या याच फळ्या पिंपांवर आडव्या टाकून त्यांवर माल मांडला जाई. काष्ठौषधींच्या दुकानातील लहान लहान खणांच्या कपाटावर पुष्कळदा नावेही नसतात, कारण हिरडा कुठे आणि नागरमोथा कुठे हे दुकानदाराच्या हाताला ठाऊक असते.

ही बांधणी मोडते आहे ती हिशेबामुळे. पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन जागा कायम भाड्याने घेतलेल्या, इमारतीत भाडे नाममात्र असते. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकाची असली तरी त्या भाड्यात कौले शाकारणेही त्याला परवडत नाही, आणि भाडेकरूने पदरमोड करावी तर जागा त्याच्या नावावर नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली, पण तुळईत पाणी मुरू लागल्यावर गवंडी कोणी बोलवायचा, हे भांडण काही मिटले नाही. मग पावसाळ्यापूर्वीच्या सर्वेक्षणात कधीतरी ती इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरते आणि रिकामी करून पाडली जाते. (गळक्या माडीवर राहणाऱ्या कुटुंबाला वारशाचे कौतुक ऐकवणे सोपे आहे, पावसाळ्यात तिथे राहणे सोपे नाही.)

त्यामुळे दोन-चार देखण्या इमारतींना वारसा श्रेणी देऊन बाजारपेठ वाचेल, असे मला वाटत नाही. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीने सुट्या वास्तूंबरोबर संपूर्ण परिसरांनाही संरक्षण दिले; बाजारपेठेला लागू पडणारी कल्पना तीच आहे. तीसुद्धा सज्जे आणि कठड्यांपुरती राहिली तर व्यर्थ. पुनर्विकास होणारच असेल, तर तळमजल्यावरील गाळ्यांची तोंडे रस्त्याकडेच आणि पूर्वीइतक्याच रुंदीची असावीत, अशी अट हवी. आतल्या गल्लीत किंवा पहिल्या मजल्यावर सूप घ्यायला कोणी चढून जात नाही, हे कुठल्याही बुरुडाला विचारावे. ज्यांना पाडायचे नाही, त्यांना तुळया, वासे आणि कौले बदलण्याची परवानगी पुनर्विकासापेक्षा लवकर आणि स्वस्तात मिळायला हवी, आणि त्या खर्चाची मालक-भाडेकरूंत वाटणी करण्याची रीतही ठरलेली हवी.

सर्वांत मोठी अडचण नव्या इमारतीत पार्किंग ठेवण्याच्या सक्तीची आहे. अरुंद भूखंडावर नव्या इमारतीच्या गाड्यांसाठी रॅम्प काढला की निदान एका दुकानाचे तोंड त्यातच जाते, आणि शेजारच्या दुकानापुढे गाड्यांची सतत ये-जा सुरू होते. बाजारपेठेतील भूखंडांना ही सक्ती माफ करून गाड्या बाहेर ठेवण्याची सोय लावता येईल. गावदेवी मैदानाखाली भूमिगत वाहनतळ झालेलाच आहे, आणि तिथून जांभळी नाका पिशवी घेऊन चालत जाण्याइतका जवळ आहे.