जस्ट बी नॅचरल, आंटी

गुरुवार, रात्री उशिरा

झोप येत नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की ह्यांना सांगितलं तर कूस बदलून हसतील, म्हणून इथे लिहितेय. सोलां, म्हणजे आमसुलं, आणायला गेले होते आणि साखर घेऊन आले. घरात साखरेचा डबा काठोकाठ भरलेला.

झालं असं की दोन दिवसांनी जरा उघाड मिळाली, म्हटलं उद्या शुक्रवार, बाजाराच्या दिवशी म्हापशात पाय ठेवायला जागा नसते, आजच भाऊंच्या किराणा दुकानात जाऊन येऊया. तर दुकानात गर्दी. गर्दी म्हणजे चारच माणसं, पण त्या दुकानात चार माणसं आत असली की पाचव्याने छत्री मिटून पायरीवर उभं राहायचं असतं, सगळ्यांना माहीत आहे. त्यातली दोघं आपली नव्हती. आसगावात नाहीतर शिवोलीत घर घेतलेली असतील, दिल्लीची किंवा बंगळूरची, खांद्याला कापडी पिशवी, तिच्यावर बांगड्याचं चित्र. ती मुलगी भाऊंच्या मुलाला विचारत होती, ‘भैया, कोरगुट आया क्या?’ कोरगुट! माझ्या आजोळी खाजनातला कोरगुट असायचा, खाऱ्या पाण्यात तगणारं भात ते, त्याची पेज म्हणजे सकाळचं रोजचं, त्याचं कुणी नावसुद्धा घेत नसे. आमच्या धाकट्याला ती पेज वाढली तर तोंड वाकडं करतो. आणि ही बया किलोकिलोने नेतेय आणि तोही तिला नावाने हाक मारून सांगतोय की पुढच्या आठवड्यात येईल, तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो.

बाजूला काढून ठेवतो. हे वाक्य मी त्या दुकानात किती ऐकलंय, पण मला उद्देशून.

मग माझा नंबर आला, मी काउंटरला टेकले आणि तिने फोन वर केला. ‘आंटी, कॅन आय? जस्ट बी नॅचरल.’ आणि भाऊंचा मुलगा कौतुकाने तिला म्हणतो, ‘ये हमारे बहुत पुराने कस्टमर, पप्पा के टाइम से.’ आता नॅचरल राहायचं म्हणजे काय करायचं असतं? मी ओढणी सारखी केली, पोट आत घेतलं, त्याने विचारलं ‘कितें जाय?’ आणि माझ्या डोक्यातून सोलां साफ गेली. तोंडातून आलं, अर्धो किलो साकर.

घरी येईपर्यंत डोकं नुसतं तापलेलं. फोटोचं काही नाही, फोटो काय, आजकाल लग्नात जेवताना पण काढतात. भाव वाढलेत त्याचंही नाही. माडाचं गोड, म्हणजे माडाचा गूळ, पूर्वी तो काळा सुळका केळीच्या पानात नाहीतर पेपरात गुंडाळून मिळायचा, आता काचेच्या बरणीत, वर लेबल, लेबलावर नारळाचं झाड आणि किंमत अशी की मी चष्मा पुसून परत वाचली. ते पण चालेल, त्यानेही पोट भरायचं आहे. मग काय लागलं? बराच वेळ विचार केला, भांडी घासता घासता, आणि वाटतं की हे लागलं: आज मी त्या दुकानाच्या सामानात जमा झाले. डालडाचे जुने डबे, वर लटकणारं दोऱ्याचं रीळ, कोपऱ्यातला पितळी तराजू, आणि मी.

आणि हेही लिहून ठेवते, कुणी विचारलेलं नसलं तरी. मी ते दुकान कधी सोडलं नाही. पर्वरीला मॉल झाला तेव्हा आमच्या कॉलनीतली अर्धी बायकामाणसं रविवारी गाडी काढून तिकडे ट्रॉली ढकलायला जायची, परत येऊन सांगायची एसी कसा गार होता. 2017 साली जीएसटी आला तेव्हा हा मुलगा नवीनच गल्ल्यावर बसलेला, बिलबुक घेऊन घाम पुसत असायचा आणि दुकानात माशी नाही. भाऊ म्हणायचे, बाय, हे दुकान माझ्याबरोबरच संपणार. तेव्हा कोण होतं तिथे फोटो काढायला? 2020च्या मार्चात ते पहिले दिवस आठवतात, आपल्याकडे गोव्यात तर वाणसामानाची दुकानंसुद्धा बंद ठेवली होती, तेव्हा भाऊंनी स्वतः फोन करून विचारलं होतं तांदूळ आहेत ना म्हणून. नंतर भाऊ... जाऊ दे, ते आज नको.

हेवा वाटतोय, दुसरं काही नाही. पन्नाशी उलटल्यावर किराणा दुकानावरून हेवा. तिने मागितलं म्हणून कोरगुट येतो, मी इतकी वर्षं गेले तर मी मागायचंच विसरले, कारण मला वाटायचं आपलं आहे ते आहेच.

हे लिहिता लिहिता भाचीचा मेसेज आला. रील पाठवलंय तिने. मावशी ही तूच ना, आणि खाली हसून रडणारी तोंडं. पाहिलं. खरोखर मीच. दोन सेकंद, पाठमोरी, एका हातात छत्री, तिचं पाणी थेट तांदळाच्या पोत्यावर गळतंय. वर लिहिलंय, म्हापशातलं हिडन जेम. हिडन? समोर मार्केट, पोर्तुगीज असतानाचं, शुक्रवारी अर्धा बार्देश तालुका तिथून जातो. खाली कुणीतरी लिहिलंय, आंटीचं एनर्जी बघा. एनर्जी कसली बाई, मी पोट धरून उभी होते. एकटीच हसले इतकी की ह्यांनी विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, झोपा.

मग ते रील चारदा पाहिलं आणि मागे भाऊंचा मुलगा दिसला. तो पुडी बांधत होता. आता सगळीकडे ब्राऊन पेपरची पिशवी झालीय, वर दुकानाचा शिक्का, पण माझी साखर त्याने पेपरातच बांधली होती, भाऊ करायचे तशी, कोपरे दुमडून, दोरा दोन वेळा फिरवून टोक दाताने न तोडता बोटावर झटका देऊन तोडायचं. त्या मुलीची पिशवी शिक्क्याची, माझी पुडी पेपरची. आता हा मान समजायचा की मी ब्राऊन पेपरच्या लायकीची नाही असं समजायचं, मला ठरवता येत नाहीये. रात्री बाराला काहीच ठरवू नये.

एक मात्र खरं. मोपाचा विमानतळ 2023च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हापासून तर ही माणसं वाढतच चाललीत, जमिनीचे भाव त्यांनी कुठे नेऊन ठेवलेत ते मी इथे लिहायला बसले तर वही पुरायची नाही, दादाच्या घराचं काय झालं ते आहेच. पण हे दुकान आज उघडं आहे ते आमच्यासारख्यांच्या पाव किलो पाव किलोवर नाही. आम्ही प्रामाणिक होतो, पण प्रामाणिक माणसं मोजकी आणि म्हातारी. दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या अ‍ॅपवर सगळं मिळतं, धाकटा तर मीठ पण त्यावरून मागवतो, फक्त त्यावर तुम्हाला कुणी सांगत नाही की हे घेऊ नका. भाऊ सांगायचे. सोलां हातात घेऊन अंगठ्याने दाबायची, मऊ, काळसर, बोटाला मिठाचा चिकटा लागला पाहिजे, आणि कडक लागली की परत डब्यात टाकून म्हणायचे, ‘हीं फाटल्या वर्साचीं, घेवं नाकात, फाल्यां यो.’ गेल्या वर्षीची आहेत, घेऊ नका, उद्या या, असं सांगून समोर आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचे. मुलगा तसं करतो का हे बघायचं राहून गेलं, मी साखर घेऊन निघाले ना.

वहिनीचा पण मेसेज येऊन पडलाय, चवथीच्या माटोळीचं, गणपतीच्या वर टांगतो ती रानफळं वगैरे, सामान ह्या वेळी भाऊंच्याच मुलाकडे व्हॉट्सअ‍ॅपवर सांगू का, तो काटकां, कांगलां, सगळं आणून देतो म्हणे, आगाऊ सांगितलं तर. हे मला माहीतच नव्हतं. मला सोडून सगळ्या जगाला माहीत. वहिनीला उत्तर दिलं नाही अजून, सकाळी देईन, आणि त्याला म्हणणार आहे की कोरगुट दोन किलो माझ्या नावावर पण ठेव, धाकट्याने तोंड वाकडं केलं तरी.

उद्या बाजार, उद्या नाही. शनिवारी साडेतीनला जाईन, दुपारचं बंद करून तो दार उघडतो तेव्हा. ती माणसं तेव्हा कुठे नाश्ता करत असतात. पोत्यापासून छत्री लांब धरीन. सोलां नाहीत म्हणून उद्याच्या हुमणाला, माशाच्या आमटीला, चिंच घालावी लागणार, ह्यांना ती आवडत नाही, आणि वर साखर आहेच भरपूर.