टाचण्यांची भोकं

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर एका माणसाचं अख्खं आयुष्य पसरलं होतं. बसची तिकिटं, पोस्टाची पाकिटं, औषधांच्या पावत्या, हिशेबाच्या वहीतली पानं. एका पानावर तर नुसतंच ‘छत्री’ एवढं लिहिलेलं. वडील गेल्यावर त्यांच्या मुलीनं पिशवीभर कागद माझ्याकडे आणून दिले होते. “यांचं एक कोलाज करून द्या. पण झेरॉक्स लावू नका हं. बाबांचेच कागद हवेत.”

कोलाजची कामं घ्यायला लागून मला बरीच वर्षं झाली, तरी असे एकुलते एक कागद हातात आले की पोटात गोळा येतो. म्हणून मी आधी प्रतींवर जुळवणी करते. त्याही लेझर प्रिंटरच्या, कारण इंकजेटची शाई ओल्या गोंदानं पसरते हे एकदा चांगलं महागात पडून कळलंय. तीन दिवस जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. चौथ्या दिवशी धीर सुटला आणि एका कोपऱ्यात खरे कागद पांढऱ्या गोंदानं चिकटवून टाकले. लांब जाऊन पाहिलं, तर समोर सरळसरळ सूचनाफलक! साठेक कागद, आणि प्रत्येक जण हात वर करून ‘मी, मी’ म्हणतोय. मला एकही गाळवत नव्हता. कुणाचे तरी बाबा गाळल्यासारखं वाटायचं.

गोंदाचं झाकण लावलं आणि कागदावरच्या कामांचं एक प्रदर्शन लागलं होतं तिकडे गेले. प्रेरणा शोधायला गेले म्हणाले असते तर हात हलवत परत आले असते. ‘प्रेरणा’ हा शब्द मनात घेऊन दालनात शिरलं की प्रत्येक चित्राकडे आपण उधारी वसूल करायला आल्यासारखे बघतो. माझी दुसरी खोड म्हणजे फोटो काढणं. शेकडो काढायचे आणि एकदाही उघडायचे नाहीत. इथे फोटोला बंदी होती. आधी चिडले, मग वही काढली.

आत उजेड अगदी बेताचा. कागदावरची कामं साधारण ५० लक्सच्या आसपासच्या उजेडात ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. डोळे सरावेपर्यंत मी भिंतीवरचा मजकूर वाचत उभी राहिले. पिकासोनं १९१२ साली वेताच्या विणीची नक्षी छापलेलं ऑइलक्लॉथ, म्हणजे मेणकापड, चित्रात चिकटवलं आणि कडेनं दोर लावला, वगैरे. ते पाठच आहे. कुर्ट श्विटर्स या जर्मन चित्रकारापाशी मात्र थबकले. जाहिरातीतला ‘कॉमर्झ’ शब्द कापताना उरलेल्या ‘मर्झ’ या तुकड्याचं नाव यानं आपल्या सगळ्या कामाला दिलं. त्याच्या कोलाजमध्ये ट्रामची तिकिटं असतात. ती पाहताना हा माणूस कुठे निघाला होता असं कुणी विचारत नाही. तिकीट म्हणजे तिथे फिकट रंगाचा एक चौकोन, बस. माझी पंचाईत नेमकी तिथेच होती. माझ्याकडच्या तिकिटाचा नुसता रंग करून चालणार नव्हतं. तो माणूस कुठे निघाला होता हे त्याच्या मुलीला ठाऊक होतं.

पुढच्या दालनात कोपऱ्यात एक छोटं काम होतं. चित्रकाराचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. मोठा तपकिरी कागद, त्यावर हाताएवढे चारच तुकडे आणि बाकी सगळं मोकळं. मी वाकून बघायला लागले तसा पहारेकरी पुढे आला. आता ओरडणार असं वाटलं, पण तो म्हणाला, “समोरून काच चमकते. इकडे कडेला या. भोकं दिसतील.”

कडेनं पाहिलं. खरंच, तुकड्यांच्या कोपऱ्यांना टाचणीची बारीक भोकं होती. आणि मोकळ्या कागदावरही होती. कुठे दोन, कुठे पाचसहा, जिथे आता काहीच नव्हतं तिथे. म्हणजे ते तुकडे तिथून हिंडून आले होते. रोज आठ तास त्या भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला जे दिसलं, ते मला समोरून जन्मात दिसलं नसतं.

फ्रेंच चित्रकार मातिस असंच करायचा, हे मला वाचून माहीत होतं. १९४१ च्या शस्त्रक्रियेनंतर तो कात्रीकडे जास्त वळला. सहायकांनी रंगवलेल्या कागदांचे आकार कापायचा, ते भिंतीवर टाचून ठेवायचे, त्याच्या सांगण्यावरून हलवत राहायचं. गोंदाची पाळी फार उशिरा यायची. माहीत होतं, पण मी स्वतः कधी केलं नव्हतं. टेबलावर आडवं जुळवायचं आणि गोंद लावायचा, ही माझी पद्धत. टेबलावर आपण कागदांवर ओणवे असतो, त्यामुळे सगळे कागद सारखेच जवळचे दिसतात.

वहीत मी त्या चित्राची नक्कल केली नाही. तुकड्यांमधली मोकळी जागा तेवढी बोटांनी मोजून टिपली.

घरी येऊन प्रती भिंतीवरच्या मऊ बोर्डावर टाचल्या आणि येता-जाता बघत राहिले. जो कागद दुसऱ्याच्या आधारानं उभा होता तो आपोआप खाली यायला लागला. दोन दिवसांत अकरा उरले. खऱ्या कागदांसाठी गव्हाच्या स्टार्चची खळ करायचं ठरवलं, कारण ती पाण्यानं पुन्हा सुटते. पांढरा गोंद वाळला की तसा सुटत नाही. आधी चिकटवलेल्या कोपऱ्यातलं एक पाकीट सोडवताना त्याची वरची साल अर्ध्या पत्त्यासकट निघून आली. मला दरदरून घाम फुटला.

मुलगी आली तेव्हा आधी तेच दाखवलं, माफी मागितली. तिनं सोललेल्या जागेवरून बोट फिरवलं. “राहू दे. हाही घ्या यात.” मग भिंतीकडे वळली. मोकळ्या भागात ‘छत्री’चं पान एकटंच होतं. ते पाहून ती एकदम हसली.

“शेवटपर्यंत आणली नाही त्यांनी!”

थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग मला न विचारता तिनं टाचणी उपसली आणि ते पान दोन बोटं खाली घेतलं. वरचं भोक तसंच राहिलं.