दुधीच्या पाण्याचा हिशेब

अमळनेर, रविवार, कोजागिरीचा आदला दिवस.

आज सकाळी मांडवाखाली वाकून मोजले, तेव्हा काढण्याजोगे नऊ दुधी निघाले. परवाचे सहा अजून टोपलीत पडून आहेत. घरात माणसे चार, आणि त्यांतील धाकट्या चिरंजीवांचे दुधीशी विळ्या-भोपळ्याचे सख्य आहे. एरवी ही म्हण वापरताना भोपळा केवळ अलंकारापुरता असतो, आमच्याकडे तो ताटात असतो.

दोष वेलाचा नाही, माझाच आहे. मृगाच्या पावसानंतर परसात तीन बिया लावल्या, तिन्ही उगवल्या, आणि वेल मांडवावर चढल्यावर मी त्यांचे शेंडे खुडले. शेंडा खुडला की बगलफुटी येते आणि दुधीची मादी फुले मुख्यतः या बाजूच्या फांद्यांवर धरतात, एवढे मला ठाऊक होते. तीन वेलांचे शेंडे एकाच दिवशी खुडल्यावर दसऱ्यापर्यंत काय होईल, याचा विचार मात्र मी केला नव्हता. शिवाय फळ कोवळे असतानाच काढत राहिले की वेल नवे फळ धरत राहतो, कारण त्याचे काम बी तयार करण्याचे असते आणि आपण ते त्याला पुरे करू देत नाही. म्हणजे मी जितकी तत्परतेने काढणी करते आहे, तितकी माझीच अडचण वाढते आहे.

वाटून झाले. पहिल्या आठवड्यात गल्लीत सर्वांनी आनंदाने घेतले, दुसऱ्या आठवड्यात ‘कालचाच आहे’ असे उत्तर येऊ लागले, आणि परवा समोरच्या आक्कांनी माझ्या हातातील पिशवी पाहूनच, ‘इतला दुधी कोन खाई व माय?’ असे म्हणून दार अर्धे लोटून घेतले. बाजारात एका विक्रेत्याला विचारले, तर त्याने सांगितलेला भाव ऐकून मी पिशवी तशीच परत आणली. गंगाफळाचे, म्हणजे लाल भोपळ्याचे, बरे असते. आमच्या खानदेशातील कानबाईच्या सणाला रोटांबरोबर त्याच्या भाजीला ताटात मानाची जागा मिळते आणि जाड सालीचे पिकलेले फळ महिनोन्महिने घरात टिकते. दुधीला ना तो मान, ना तो टिकाऊपणा.

म्हणून या पंधरवड्यात मी दुधी नाना प्रकारांनी रांधून पाहिला, आणि एकच गोष्ट ध्यानात आली: दुधीचा स्वयंपाक म्हणजे पाण्याचा हिशेब. या फळात शंभरातले पंच्याण्णव-शहाण्णव भाग पाणीच असते, आणि ते पाणी कुठे जाणार हे आधी ठरवले नाही, तर ते आपल्या मर्जीने जाते आणि पदार्थ बिघडतो.

याचा धडा मला मुठ्यांनी दिला. किसलेल्या दुधीत ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, तीळ, हिरवी मिरची आणि मीठ घालून मी लगेच मळायला घेतले. गोळा छान झाला. परंतु चाळणीला तेल लावून होईपर्यंत मिठाने किसाचे पाणी सुटले, गोळा सैल झाला, मी आणखी पीठ घातले, तो पुन्हा सैल झाला, पुन्हा पीठ. शेवटी जे मुठे वाफवून निघाले ते बोरी नदीच्या पात्रातील गोट्यांना लाजवतील असे होते. दुसऱ्या वेळी किसाला आधी मीठ लावून दहा मिनिटे झाकून ठेवले आणि सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढेच पीठ घातले. वरून पाण्याचा थेंबही लागला नाही. वीस मिनिटे वाफवून, गार झाल्यावर चकत्या करून, मोहरी-तिळाच्या फोडणीत परतलेले ते मुठे धाकट्यानेही खाल्ले. आत काय आहे हे त्याला जेवण झाल्यावर सांगितले.

रश्शाच्या बाबतीत उलट युक्ती लागते. आमच्याकडे कांदा आणि सुके खोबरे भाजून, लसूण-आले घालून वाटण करतात आणि काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा होतो. त्यात कच्च्या फोडी टाकल्या तर त्या शिजताना पाणी सोडतात आणि वर तवंग, खाली फिके पाणी अशी दशा होते. जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई, फोडी आधी थोड्या तेलात कडा तांबूस होईपर्यंत परतून घेतात आणि शेवटी रश्शात सोडतात. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि कच्चा कांदा असला, की दुधीची भाजी खातो आहोत याची लाज वाटत नाही. डाळ घालून करायची असेल, तर हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून दुधीबरोबरच मंद आचेवर झाकून ठेवावी. दुधीचे पाणी डाळ पिते आणि वेगळे पाणी घालावे लागत नाही.

भरिताचा प्रयोग मात्र फसला. जळगावकडचे वांग्याचे भरीत काड्यांच्या जाळावर भाजून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचतात, तसेच दुधीचे करावे असे मनात आले. वांगे भाजले की त्याचा गर लोण्यासारखा होतो; दुधी वरून काळा झाला आणि आत केवळ उकडला. ठेचल्यावर पाणी वेगळे, चोथा वेगळा. जिजींनी ते मुकाट्याने पिळून दह्यात घातले आणि वर जिऱ्याची फोडणी दिली. कोशिंबीर म्हणून ते चांगलेच लागले, परंतु त्याला भरीत म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

सालीही टाकत नाही. कोवळ्या दुधीच्या साली बारीक चिरून तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या आणि तीळ, शेंगदाणे, लसूण व सुकी लाल मिरची यांच्यासह खलबत्त्यात कुटायच्या; ही चटणी आमच्या घरी भाजीच्या आधी संपते.

एक गोष्ट मी आता कटाक्षाने पाळते. कापल्यावर प्रत्येक दुधीचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहायचा आणि कडू लागला तर तो थुंकून संपूर्ण फळ फेकून द्यायचे. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो, तो शिजवल्याने जात नाही, आणि त्यामुळे उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्या इथपर्यंत प्रकरण जाऊ शकते. आपल्या देशात कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसे दगावली आहेत. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालातही कडू रस पिऊ नये हेच सांगितले आहे. ‘कडू म्हणजे औषधी’ असे म्हणणारे आमच्या नात्यातच दोघे-तिघे आहेत, त्यांना मी दुधी देणे बंद केले आहे.

आज दुपारी सांडगे घातले. पावसाळ्यात हे शक्य नसते, पण आता ऊन तापू लागले आहे आणि जिजींच्या मते दिवाळीच्या आत उरकणे बरे. चार दुधी सोलून किसले, पंच्यात बांधून घट्ट पिळले, आणि रात्री भिजवलेली उडदाची डाळ भरड वाटून त्यात जिरे, हिंग, मिरची, मिठासह कालवली. चार दुधींचा डोंगर पिळल्यावर एका पातेल्यात मावला, आणि तीन दिवसांच्या उन्हाने तो डब्यात मावेल. पिळून निघालेले पाणी भाकरीच्या पिठाला आणि संध्याकाळच्या कढीला पुरले. उद्याच्या कोजागिरीसाठी दोन कोवळे दुधी बाजूला काढले आहेत; किस तुपात परतून कच्चा वास गेल्यावरच आटवलेल्या दुधात घालायचा, म्हणजे खीर होईल. साखर शेवटी, नाहीतर ती पुन्हा पाणी सोडायला लावते.

मांडवाच्या टोकाचा एक दुधी पानांआड राहून गेला होता. त्याला नख रुतत नाही. जिजींचा नियम असा, की नख रुतले तर भाजी, नाही रुतले तर बी. म्हणून तो वेलावरच वाळू द्यायचा असे ठरले. तो एक पक्व होत राहिला, तर त्या वेलाचा तरी जोर ओसरेल अशी मला आशा आहे.

दुधीची फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्री पतंग त्यांवर येतात. आता चांदणे चांगले पडले आहे, म्हणून जेवण झाल्यावर मांडवाखाली जाऊन पाहिले. पांढरी फुले दिवे लावल्यासारखी दिसत होती. ज्यांच्या देठाशी करंगळीएवढा लवदार दुधी आधीच बसलेला आहे अशी मादी फुले मोजली, ती अकरा भरली. घरात येऊन जिजींना मी सात सांगितली.